वजनकाट्यापलीकडे : वंध्यत्व, चयापचय आणि अंडाशयाचे कार्य

एक वर्ष नियमित शरीरसंबंध असूनही गर्भधारणा झाली नाही, तर वैद्यकशास्त्र त्या अवस्थेला वंध्यत्व म्हणते, आणि स्त्रीने वयाची ३५ वर्षे ओलांडली असतील तर सहा महिन्यांनंतरच तपासण्या सुरू कराव्यात असे सांगते. या तपासण्यांचा क्रम आता बहुतेक जोडप्यांना ऐकून माहीत असतो : सोनोग्राफी, गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे दाखवणारा एक्स-रे, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच, आणि अनेक घरांत सर्वांत शेवटी होणारी, वास्तविक पहिल्याच आठवड्यात उरकायला हवी अशी, पतीच्या वीर्याची तपासणी. रक्तातील साखर, रक्तदाब, कमरेचा घेर आणि चरबीचे प्रमाण या गोष्टींना मात्र त्या यादीत अनेकदा जागा मिळत नाही, कारण ती चाळिशीनंतरची दुखणी मानली जातात. प्रत्यक्षात अन्नापासून ऊर्जा मिळवणे, साठवणे आणि खर्च करणे या सगळ्या व्यवहाराशी, म्हणजेच चयापचयाशी, अंडाशयाचा फार जवळचा संबंध असून तो व्यवहार बिघडल्याची पहिली खूण साखरेच्या अहवालाऐवजी पाळीच्या तारखांत दिसते, असे पुष्कळदा घडते.

हा संबंध समजून घेण्यासाठी अंडाशयात दरमहा काय घडते ते आधी पाहावे लागते. अंडपेशी फॉलिकल नावाच्या, द्रवाने भरलेल्या सूक्ष्म पिशवीत वाढते आणि या पिशवीच्या भिंतीत दोन प्रकारच्या पेशी एकमेकींच्या साहाय्याने काम करतात. बाहेरच्या थीका पेशी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येणाऱ्या एलएच या संप्रेरकाच्या प्रभावाखाली अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी म्हणून ओळखली जाणारी संप्रेरके, तयार करतात, तर आतल्या ग्रॅन्युलोसा पेशी एफएसएच या दुसऱ्या संप्रेरकाच्या प्रभावाखाली त्यांचेच रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करतात. हे प्रमाण जुळले की अनेक फॉलिकलांपैकी एक पुढे निघते, साधारण १८ ते २४ मिलिमीटरपर्यंत वाढते आणि फुटून अंडपेशी बाहेर पडते. यालाच अंडमोचन म्हणतात. इन्शुलिनचाही या कामात वाटा असतो, कारण ते एलएचच्या जोडीने थीका पेशींतील अँड्रोजेनची निर्मिती वाढवते. स्नायू आणि यकृत इन्शुलिनला दाद देईनासे झाले, की स्वादुपिंड भरपाईसाठी अधिकाधिक इन्शुलिन सोडू लागते, आणि खरी मेख येथे आहे : स्नायूंनी इन्शुलिन जुमानले नाही तरी अंडाशय त्याला प्रतिसाद देतच राहते. त्याच वेळी जादा इन्शुलिनमुळे यकृतात एसएचबीजी हे लैंगिक संप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन कमी तयार होते, त्यामुळे रक्तातील मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते. परिणामी फॉलिकले २ ते ९ मिलिमीटरच्या टप्प्यावर अडकून पडतात, एकही पुढे निघत नाही, आणि पाळी ४०, ६० किंवा ९० दिवसांवर जाते. सोनोग्राफीच्या अहवालातील ‘पॉलिसिस्टिक’ हा शेरा वाचून घाबरलेल्या अनेक जणी गाठी काढून टाकाव्या लागतील का, अशी चौकशी करतात. त्या गाठी नसून वाढ खुंटलेली फॉलिकले असतात आणि काढून टाकण्यासारखे तेथे काही नसते.

शिकागोतील आयर्व्हिंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेन्थल यांनी १९३५ मध्ये अशा सात स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांचे सारे लक्ष अंडाशयाच्या आकारावर होते आणि उपचारही अंडाशयाचा पाचरीच्या आकाराचा तुकडा कापून काढण्याचा होता. वाढलेल्या इन्शुलिनचा आणि वाढलेल्या अँड्रोजेनचा संबंध दाखवला जायला १९८० उजाडले. आज या विकाराला पीसीओएस म्हणतात. २००३ मध्ये रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांनुसार अनियमित अंडमोचन, अँड्रोजेनचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील विशिष्ट चित्र या तीन गोष्टींपैकी दोन आढळल्या आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन यांसारखी अन्य कारणे वगळली गेली, की त्याचे निदान होते. प्रौढ स्त्रियांत सोनोग्राफीऐवजी एएमएचची रक्ततपासणीही ग्राह्य धरावी, असे २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी म्हटले आहे. या निकषांत ना वजन आहे, ना साखर. त्यामुळे निदानाचा कागद हातात पडला, तरी चयापचयाची तपासणी आपोआप झालेली नसते. ती वेगळी मागावी लागते.

भारतीय स्त्रीच्या बाबतीत हे अधिकच महत्त्वाचे आहे, आणि त्याचा पुरावा पुण्यातूनच आलेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच एक छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा, २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. याज्ञिक यांच्या चमूने पुणे जिल्ह्यातील खेड्यांत केलेल्या अभ्यासात हा फरक जन्मतःच दिसतो असे आढळले : तेथील नवजात बाळांचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो, पुण्याच्या बाळांत स्नायू बरेच कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणून भारतीयांसाठी जादा वजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ आणि स्थूलतेची ३० ऐवजी २५ धरतात. शिडशिडीत दिसणाऱ्या स्त्रीला ‘तुम्हाला कसला आलाय मधुमेह’ म्हणून परत पाठवणे हे या आकड्यांच्या प्रकाशात निष्काळजीपणाचे ठरते.

तपासणीची सुरुवात घरीही करता येते. साधा शिंप्याचा टेप घेऊन, श्वास सोडल्यावर, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर घेर मोजावा. भारतीय स्त्रीत तो ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल तर पोटात, अवयवांभोवती चरबी साठत असल्याचा संशय घ्यावा. दुसरी खूण मानेवर असते. मानेच्या मागे, काखेत किंवा जांघेत कातडी काळसर, जाडसर आणि मखमलीसारखी होते, कधी त्यावर बारीक लोंबते चामखीळ येतात, आणि मळ समजून ती जागा घासणीने किंवा लिंबाने रगडली जाते. ती मळाची पुटे नसतात. रक्तातील वाढलेल्या इन्शुलिनचा कातडीवर झालेला तो परिणाम असतो आणि इन्शुलिन कमी झाल्याखेरीज तो जात नाही. यांपैकी काहीही असो वा नसो, पीसीओएस असलेल्या प्रत्येक स्त्रीने ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची तपासणी करून घ्यावी. तीत उपाशीपोटीची साखर आणि दोन तासांनंतरची साखर मोजतात. दुसरी १४० ते १९९ मिलिग्रॅममध्ये आली तर मधुमेहपूर्व अवस्था, २०० किंवा अधिक आली तर मधुमेह. केवळ उपाशीपोटीची साखर पाहिली तर पहिल्या गटातील पुष्कळ जणी निसटतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी सोयीची असली, तरी ती हिमोग्लोबिनवर अवलंबून असल्यामुळे रक्तक्षयात फसवू शकते आणि आपल्याकडे रक्तक्षय घरोघरी आहे. ग्लुकोजच्या तपासणीच्या जोडीला रक्तदाब, ट्रायग्लिसराइड (१५० च्या आत) आणि एचडीएल (५० च्या वर) पुरेसे आहेत. उपाशीपोटीचे इन्शुलिन मोजणारी तपासणी अनेक प्रयोगशाळांच्या पॅकेजमध्ये असते. तिची पद्धत सर्वत्र एकसारखी नाही, तिच्यावरून उपचार बदलत नाहीत, आणि २०२३ च्या सूचनाही ती नित्याच्या तपासणीत धरत नाहीत. ते पैसे वाचवले तरी चालतील.

अंडमोचन होते की नाही, हे पाहण्याच्या तपासणीतही एक नेहमीची चूक होते. त्यासाठी प्रोजेस्टेरॉन मोजतात, आणि ते सरसकट २१ व्या दिवशी मोजले जाते. ही तपासणी पुढील पाळीच्या साधारण सात दिवस आधी व्हायला हवी, म्हणजे ३५ दिवसांच्या पाळीत ती २८ व्या दिवशी येते. २१ व्या दिवशी आलेला कमी आकडा अशा स्त्रीला विनाकारण ‘अंडे फुटत नाही’ या वर्गात बसवतो. एएमएचचेही तसेच आहे. ते अंडाशयातील उरलेल्या फॉलिकलांच्या संख्येचा अंदाज देते, अंडपेशींच्या दर्जाचा नव्हे. पीसीओएसमध्ये ते वाढलेले असते, आणि ते कमी निघाले म्हणून नैसर्गिक गर्भधारणा होणारच नाही, असा अर्थ काढता येत नाही.

आता वजनाचा प्रश्न, ज्याच्याविषयी सल्ला सर्वाधिक आणि विचार सर्वांत कमी होतो. वजन पाच ते दहा टक्क्यांनी घटले तरी अनेक जणींत अंडमोचन परत सुरू होते, याला चांगला आधार आहे. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांचा आहार-व्यायामाचा गटकार्यक्रम पूर्ण करणाऱ्या, अंडमोचन होत नसलेल्या ६७ स्त्रियांचे वजन सरासरी १०.२ किलो उतरले आणि त्यांपैकी ६० जणींत अंडमोचन आपोआप सुरू झाले. मात्र कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांचेच हे आकडे आहेत, हे विसरून चालत नाही. नेदरलँड्समध्ये बीएमआय २९ किंवा अधिक असलेल्या ५७७ वंध्य स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून एका गटाला सहा महिने वजन उतरवण्यास आणि मग उपचारास, तर दुसऱ्या गटाला थेट उपचारास नेण्यात आले. २०१६ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दोन वर्षांत पूर्ण दिवसांचे, एकेरी, निरोगी बाळ योनिमार्गे जन्मण्याचे प्रमाण पहिल्या गटात २७.१ टक्के आणि दुसऱ्या गटात ३५.२ टक्के निघाले. पहिल्या गटात उपचारांविना राहिलेले गर्भ मात्र अधिक होते. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर ‘आधी दहा किलो उतरवा, मग या’ हा सल्ला सर्वांना सारखा लागू पडत नाही, हे स्पष्ट होते. ज्या स्त्रीचे वय २७ आहे, पाळी अनियमित आहे आणि गर्भनलिका व पतीची तपासणी व्यवस्थित आहे, तिने सहा महिने आहार-व्यायामाला दिले तर ते सत्कारणी लागण्याची शक्यता मोठी. ज्या स्त्रीचे वय ३७ आहे, तिच्या बाबतीत ते सहा महिने काट्यावरील आकड्यापेक्षा मोलाचे असतात आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू करणे शहाणपणाचे. पाळी वेळेवर असून अडथळा नलिकांत असेल, भारतात त्यामागे जननमार्गाचा क्षयही असतो, तर वजन उतरवून नलिका उघडत नाही.

आहाराविषयी २०२३ च्या सूचना स्पष्ट आहेत : पीसीओएससाठी कोणताही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. म्हणून विकतचे तक्ते आणि परदेशी धान्ये यांच्या मागे लागण्यापेक्षा घरच्या ताटातील प्रमाण बदलणे अधिक टिकते. मराठी घरातील न्याहारी बहुधा पोहे, उपमा किंवा साबुदाण्याची खिचडी, म्हणजे जवळजवळ सगळी पिष्टमय पदार्थांची असते. त्याच पोह्यांचे प्रमाण निम्मे करून वर मोड आलेली मटकी, शेंगदाणे आणि सोबत वाटीभर दही किंवा अंडे घेतले, तर साखरेचा चढ कमी होतो आणि अकरा वाजता पुन्हा भूक लागत नाही. पोळी सोडून भाकरी खाल्ल्याने काही फायदा होतो, पण दोन पोळ्यांच्या जागी तीन मोठ्या भाकऱ्या आल्या तर तो उरत नाही. जेवणात उसळ, पिठले, डाळ, ताक, आणि चालत असेल तेथे अंडी, कोंबडी किंवा किनारपट्टीवरचे बांगडे-तारली यांना अर्धे ताट मिळावे, भाताला पाव. उपवासाचा दिवस हा नियमाला अपवाद ठरतो, कारण साबुदाणा हा निव्वळ पिठूळ पदार्थ आहे. त्या दिवशी शेंगदाण्याची आमटी, दही, ताक आणि एखादे फळ यांवर भर द्यावा. चहाचा हिशेब बहुतेक जणी करतच नाहीत : दिवसाचे चार कप आणि प्रत्येकी दोन चमचे साखर धरली तर केवळ चहातून ३५ ते ४० ग्रॅम साखर जाते, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास राहिल्यास उत्तम.

व्यायामाचा उपयोग वजन न उतरताही होतो, ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही. काम करणारा स्नायू इन्शुलिनच्या मदतीविनाही रक्तातील साखर ओढून घेतो आणि नंतरचे काही तास इन्शुलिनला अधिक दाद देतो. आठवड्याला किमान १५० मिनिटे घाम येईल अशी भरभर चाल आणि आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम हे प्रमाण ठरलेले आहे. स्नायूच कमी असलेल्या भारतीय शरीराला यांतील दुसऱ्या भागाची विशेष गरज आहे, आणि तोच बहुतेकींकडून राहून जातो. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणे एवढ्यानेही प्रारंभ होतो. परिणामाची वाट किमान तीन महिने पाहावी, कारण एखादे फॉलिकल वाढीच्या शेवटच्या टप्प्यात शिरून फुटेपर्यंत सुमारे ८५ दिवस लागतात. झोपेचाही चयापचयाशी संबंध असल्याने जोरात घोरणे आणि दिवसा पेंग येणे ही लक्षणे असतील तर झोपेतील श्वासरोधाची तपासणीही करावी.

औषधांबाबत दोन गैरसमज जोडीने चालतात. पहिला असा की मेटफॉर्मिन हे मधुमेहाचेच औषध असल्याने ते घेतले की मधुमेहाचा शिक्का बसतो. दुसरा असा की ते घेतले की गर्भ राहतो. ते इन्शुलिनला होणारा प्रतिरोध कमी करते, एकटे घेतल्यास साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरवत नाही, आणि मळमळ-जुलाब टाळण्यासाठी कमी मात्रेपासून, जेवणासोबत सुरू करावे लागते. मात्र अमेरिकेत ६२६ स्त्रियांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मूल जन्मण्याचे प्रमाण केवळ मेटफॉर्मिनवर ७.२ टक्के, तर अंडमोचनासाठीच्या क्लोमिफेनवर २२.५ टक्के होते. २०१४ मधील ७५० स्त्रियांच्या चाचणीत लेट्रोझोलने २७.५ टक्के विरुद्ध १९.१ टक्के अशी क्लोमिफेनवर मात केली, आणि आज तेच पहिल्या पसंतीचे औषध आहे. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्यावर बंदी आली होती, ती पुढे उठवली गेली, तरी त्या काळातील धास्ती अजून कानावर येते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व घटते, आणि शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असते, म्हणून वर्षातून एकदा त्याची पातळी पाहावी. वजन उतरवणारी सेमाग्लुटाइडसारखी नवी औषधे गर्भधारणेत चालत नाहीत. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर किमान दोन महिने जाऊ द्यावे लागतात आणि तोपर्यंत गर्भनिरोधन अनिवार्य आहे, कारण वजन उतरताच अंडमोचन अनपेक्षितपणे सुरू होऊ शकते.

ऊर्जेचा तुटवडा हे याच प्रश्नाचे दुसरे टोक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नेदरलँड्सच्या पश्चिम भागात उपासमार झाली आणि सुमारे नऊ महिन्यांनी तेथील जन्मांची संख्या निम्म्यावर आली. शरीराला खाण्यातून मिळणारी ऊर्जा व्यायामाचा खर्च वजा जाता, चरबी सोडून उरणाऱ्या वजनाच्या दर किलोमागे ३० कॅलरींखाली गेली, की मेंदूतून एलएचचे ठोके मंदावतात आणि पाळी थांबते. वंध्यत्वाच्या धास्तीने ८०० कॅलरींचा आहार आणि दोन तास व्यायाम सुरू करणारी, मुळात सडपातळ स्त्री याच मार्गाने जाते. अशा स्त्रीच्या अंडाशयातही सोनोग्राफीत पुष्कळ फॉलिकले दिसू शकतात आणि तिला पीसीओएस समजून आणखी वजन उतरवायला सांगितले जाते. तिचा उपचार नेमका उलट, म्हणजे अधिक खाणे आणि व्यायाम कमी करणे, हा असतो. पाळी थांबण्यापूर्वी वजन झपाट्याने घटले होते का, ही गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तरी स्वतःहून सांगावी.

गर्भधारणेचा प्रयत्न सुरू असतानाच फॉलिक आम्ल रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू करावे, मधुमेह असल्यास अधिक मात्रेसाठी डॉक्टरांना विचारावे, आणि रक्तदाबाची व कोलेस्टेरॉलची चालू औषधे त्यांना दाखवावीत, कारण त्यांतील काही गर्भाला अपायकारक असतात. मधुमेह आधीच असेल तर एचबीए१सी साडेसहा टक्क्यांच्या आत आल्यावर गर्भ राहणे सुरक्षित. ते १० टक्क्यांवर असताना प्रयत्न थांबवणेच योग्य. पाळी चुकून चाचणी सकारात्मक आल्यानंतर पहिल्याच भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी मागावी. भारतातील शासकीय कार्यक्रमात ती उपाशीपोटी नसतानाही करतात आणि दोन तासांनंतरची साखर १४० किंवा अधिक आली तर गर्भावस्थेतील मधुमेह धरतात. पहिली तपासणी ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ती पुन्हा करावी लागते, आणि पीसीओएस असलेल्या स्त्रीने ही दुसरी तारीख चुकवू नये.